फोनला पाजलेलं औषध

दर रविवारी, चर्चहून आल्यावर आणि उमूच्या खड्ड्यात भाजलेली कोनफळं नि नारळाच्या दुधातली अळूची पानं पोटात गेल्यावर, लिसियातेच्या घरातला फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला टेकून उभा राहायचा आणि त्यात तोमासी दिसायचा. तोमासी त्याचा एकुलता एक मुलगा, ऑस्ट्रेलियात संत्री तोडायला गेलेला. फोनसमोर चटईवर सगळ्यात पुढे वीका बसायची, कारण ती तोमासीची आत्या, आणि आत्याच्या पुढे बसायची एउआ बेटावर कुणाची छाती नाही, पाद्र्याचीसुद्धा. तिच्या मागे लिसियातेची बायको लोसा, मग शेजारपाजार, आणि पार दाराशी, अर्धा आत अर्धा बाहेर, खुद्द लिसियाते. घर त्याचं, फोन त्याचा, मुलगाही त्याचाच. पण बहीण खोलीत असली की भावाची जागा दाराशी. यात त्याला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. तोमासी ओरडून बोलायचा आणि हा ओरडून उत्तर द्यायचा.

त्या रविवारी तोमासी शिडी कशी घसरली ते रंगवून सांगत होता. "आत्या, मी खाली, शिडी माझ्यावर, आणि संत्री सगळी शिडीवर! वर मुकादम म्हणतो—"

मुकादम काय म्हणाला ते कुणालाच कळलं नाही. तोमासी गेला आणि त्याच्या जागी एक बाई आली. तिच्या अंगावर साबणाचा फेस होता, दुसरं विशेष काही नव्हतं. तिने डोळा मारला आणि लाडेलाडे इंग्रजीत, पण एउआवरच्या शेंबड्या पोरालाही कळेल अशा इंग्रजीत म्हणाली, "तुमच्या जवळपासच्या एकट्या बायका तुमचीच वाट पाहताहेत."

आता हे कुणाही चार लोकांत घडलं असतं तर हसून सोडून देता आलं असतं. पण खोलीत भाऊ होता आणि बहीण होती. बहिणीच्या देखत भाऊ चावट शब्द काढत नाही, तिच्या देखत दुसऱ्याने काढला तर तोही ऐकून घेत नाही. सिनेमा तर ती दोघं एकत्र पाहतच नाहीत, कारण सिनेमात कोण कधी कुणाचा मुका घेईल याचा नेम नसतो. लिसियाते आणि वीका असेच वाढले होते. मिसरूड फुटायच्या आधीच त्याचं अंथरूण वेगळ्या खोपीत गेलं, आणि तेव्हापासून पन्नाशी उलटेपर्यंत त्या दोघांनी एकमेकांशी जे काही बोलायचं ते बहुतेक तिसऱ्याच्या तोंडून बोललं होतं.

वीका उठली. तिथल्या रिवाजाप्रमाणे लुगड्यावरून कमरेला गुंडाळलेली चटई तिने सारखी केली आणि कुणाकडेही न पाहता मागच्या दाराने निघून गेली. लिसियातेने झेप घेतली, फोन उचलला, दिसेल ते बटण दाबलं. बाई जाता जाता आणखी एकदा वाट पाहते म्हणाली आणि काळोखात गेली. तिच्याबरोबर तोमासीही गेला.

शेजारपाजाऱ्यांना एकाएकी आपापल्या घरची कामं आठवली. रविवारी तिथं कुणी काडीचं काम करत नाही, तरी आठवली.

*

लिसियातेचा बहिणीवर फार जीव होता. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं, सांगायची रीतही नव्हती. ती त्याच्याहून दोन वर्षांनी धाकटी, पण मानाने वरचढ. कोनफळांचं पीक निघालं की सगळ्यात लांब, हाताएवढं जाड कोनफळ तो मुळाला धक्का न लावता उकरायचा आणि तिच्या दारात ठेवून न बोलता परत यायचा. वीकाचा शब्द आला की तो पाळायचा. पुन्हा विचारायचा नाही; बहिणीला दोनदा विचारणं म्हणजे तिच्यावर शंका घेणं. आणि सगळा घोळ झाला होता तो याच सज्जनपणामुळे, पण ते त्याला अजून कुठं ठाऊक होतं!

वीका बारा वर्षं नुकुअलोफाला, राजधानीत, फोनच्या दुकानात काउंटरवर होती. नवरा गेल्यावर ती एउआला परतली आणि गावच्या फोनांची जणू सुईणच झाली. कुणाचा आवाज येत नाही, कुणाचे फोटो नाहीसे झाले, कुणाच्या फोनवर नातवाने चिनी भाषा लावून ठेवली, सगळे तिच्या ओसरीवर. तीन महिन्यांपूर्वी बायका झाडाच्या सालीचं कापड कुटायला जमल्या होत्या. लांबच लांब ओंडका, त्याच्या दोन्ही बाजूंना बायका आणि एकसारख्या आपटणाऱ्या मोगऱ्या. वीका त्यांना काहीतरी समजावत होती. संध्याकाळी लोसाने घरी येऊन सांगितलं, "वन्सं म्हणत होत्या, हल्ली फोनलाही विषाणू होतात. त्यांना वेगळं औषध."

झालं. दुसऱ्याच दिवशी फोनवर लाल अक्षरांत पाटी आली की तुमच्या फोनला विषाणू झालेत, लगेच औषध घ्या. एरवी लिसियातेने असल्या पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण बहिणीने काल सांगावं आणि आज रोग दिसावा! त्याला वीकाच्या शहाणपणाचं इतकं कौतुक वाटलं की त्याने डोळे मिटून पाटीवर बोट ठेवलं. औषध फुकट होतं. ते पाजल्यावर फोन जरा सुस्तावला, आणि दोन दिवसांनी दुसरी पाटी आली, की रोग बळावलाय, याहून कडक औषध हवं. त्याने तेही पाजलं. मग तिसरं. हटवादी तापाला डोस वाढवावा लागतो, एवढं त्यालाही कळत होतं.

आणि तीन-तीन औषधं पिऊन फोनने हे दिवे लावले.

सोमवारी त्याने चौथं पाजलं. आता फोन दर थोड्या वेळाने "धोका! धोका!" असं ओरडू लागला.

"वन्संकडे घेऊन जा," लोसा म्हणाली. "अख्खं गाव जातं."

"आणि तिच्या हातात असताना ती फेसवाली पुन्हा आली तर?"

"मी नेऊन देते."

"तू नेलास तरी फोन माझाच ना? ती उघडून बघणार, आत काय काय आहे ते. मलाच धड माहीत नाही आत काय आहे!" लिसियातेने कपाळावर हात मारला. "नको. समुद्रात टाकतो, कटकट संपली."

"टाक की. मग तोमासीशी मासे बोलतील."

समुद्रात टाकणं तिथंच राहिलं. पण मंगळवारी चर्चच्या रस्त्यावर वीका समोरून येताना दिसली तेव्हा लिसियाते, साठीकडे झुकलेला, गावात मान असलेला, चर्चमध्ये कधीमधी प्रवचन करणारा माणूस, केळीच्या बागेत शिरला आणि डुकरांच्या खुराड्यामागे उकिडवा बसून राहिला. ती गेली. ती थांबली नाही, वळली नाही, हे त्याने पानांतून पाहिलं. ही आता आपल्या घरात पाऊल ठेवायची नाही, असं त्याला वाटलं. आपण घाणेरडा माणूस आहोत अशी तिची खात्री पटली असणार. आणि बायकोसारखं बहिणीला समजावता येत नाही, कारण समजवायचं तर जे घडलं ते तोंडाने उच्चारावं लागतं.

शुक्रवारी संध्याकाळी तो मन रमवायला गडी माणसांच्या बैठकीला गेला. मुळं कुटून पाण्यात कालवलेल्या काव्हाची परात मध्ये, भोवती दहा-बारा जण, करवंट्या हातोहात फिरताहेत. फोन त्याने खिशात रुमालात गुंडाळून ठेवला होता. बैठकीत जरा शांतता झाली, आणि खिशातून आवाज आला, "धोका! धोका! तुमचा फोन मरणाच्या दारात आहे!"

"काय रे, काय म्हणतोय पेशंट?" फिलीमोनेने विचारलं. फिलीमोने लिसियातेचा लहानपणापासूनचा मित्र, आणि गावातली कुठलीही गोष्ट तोंडात ठेवणं त्याला जमत नसे.

"गोवर आलाय त्याला," दुसरा म्हणाला.

"अरे, वाऱ्यावर नको ठेवूस, हवा लागेल!"

"गोवर नाही रे, त्याला बायकांचा नाद लागलाय. रविवारी नाही का, एकट्या बायका वाट पाहताहेत म्हणून निरोप आला!" फिलीमोने आता रंगात आला. "पण मी म्हणतो, एउआवर जवळपास एकट्या बायका आहेत तरी किती? मोजा बघू. म्हातारी तोआकासे एक. तिला दिसत नाही, म्हणून ती सगळ्यांचीच वाट पाहते. मग बंदरावरची ती कलिंगडं विकणारी, पण तिची वाट बघायची तर कलिंगड घ्यावं लागतं. आणि तिसरी म्हणजे नवरा गेल्यापासून आपली—"

तो तिथंच थांबला. नवरा गेल्यापासून एकटी राहणारी, लिसियातेच्या घरापासून चौथ्या घरातली बाई कोण, हे बैठकीतल्या प्रत्येकाला एकदमच आठवलं. दहा-बारा दांडगे पुरुष परातीतल्या काव्हाकडे असे टक लावून पाहू लागले की जणू त्यात कुणी बुडालंय. मग एकाने घाईघाईने भजन सुरू केलं आणि सगळ्यांनी इतक्या मोठ्याने सूर धरला की पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. फिलीमोनेने कान पकडले, उठून स्वतः करवंटी भरली आणि दोन्ही हातांनी लिसियातेपुढे धरली. लिसियातेने ती घेतली, प्यायला, आणि घरी निघून आला. मित्रावर त्याचा राग नव्हता. त्याला नुसतं रडू येत होतं.

*

शनिवारी सकाळी तो ओसरीवर उद्याच्या उमूसाठी कोनफळं सोलत बसला होता. अंगणाचं फाटक वाजलं. वीका आली.

ती त्याच्याकडे न पाहता आत गेली, चटईवर आपल्या नेहमीच्या जागी बसली, ओसरीकडे पाठ करून. लोसाची धांदल उडाली. तिने पंखा दिला, सरबत दिलं, पुन्हा पंखा दिला.

"लोसा," वीका म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला विचार, फोन कुठाय."

लिसियाते पाच हातांवर होता आणि त्याचे कान शाबूत होते. पण लोसा दारात आली आणि म्हणाली, "फोन कुठाय, विचारतायत."

"सांग, मोडला."

"मोडला म्हणे, वन्सं."

"मोडलेला आण म्हणावं."

"मोडलेला आणायला सांगतायत."

"सांग, मोडला आणि मग हरवला."

"मोडला आणि मग—"

तेवढ्यात कोनफळांच्या टोपलीच्या तळातून आवाज आला, "धोका! धोका!"

लोसाने पदर नव्हता म्हणून हातातला पंखाच तोंडावर धरला. लिसियातेने टोपलीकडे असं पाहिलं, जणू टोपलीतल्या कोनफळांनीच दगा दिला असावा. खोलीतली पाठ जराशी हलली. ती हसते आहे की संतापते आहे, हे पाठीवरून त्याला कळेना.

"लोसा, मला तो फोन आवडलाय," वीका म्हणाली. "मी तो घेतला."

संपलं. भावाच्या घरातली कुठलीही वस्तू बहिणीला आवडली की ती तिची. डुक्कर असो, चटई असो, लग्नाचा केक असो. याला तिथे फाहू म्हणतात, आणि फाहूपुढे रडून उपयोग नसतो. वीकाने आजवर हा हक्क वापरला नव्हता. भावाची ऐपत तिला माहीत होती. लिसियातेने माती झटकून फोन लोसाकडे दिला. आता ती आत पाहणार.

"पडद्यावर ते काही आलं ना, वन्सं, तर मी आधी बघते," लोसा घाईने म्हणाली. "तुम्ही डोळे मिटा."

"डोळे मिटून फोन कसा दुरुस्त करू?"

"मग मी मधे चटई धरून उभी राहते. ह्याला तुम्ही दिसायला नको, तुम्हाला हा, आणि फोन कुणालाच नको."

आणि खरोखरच ती दारात चटई पसरून उभी राहिली. ओसरीवरून लिसियातेला चटईखाली तिची पावलं तेवढी दिसत होती.

वीकाने फोन बंद केला आणि बोटांनी काहीतरी दाबून धरून पुन्हा चालू केला. "बघ लोसा, असा चालू केला की ह्याची घरची मंडळी तेवढी जागी होतात. बाहेरून येऊन राहिलेले झोपून राहतात. मग एकेकाला उचलून बाहेर टाकायचं." तिने आतली यादी चाळली. मग ती म्हणाली, "अरे देवा. लोसा, तुझ्या नवऱ्याला सांग, ह्याच्या आत चार डॉक्टर बसलेत आणि चौघेही चोर आहेत."

"चार डॉक्टर—" लोसाने सुरुवात केली.

"ऐकलं," लिसियाते चटईपलीकडून म्हणाला.

"ही पाटी दाखवणारा पहिला डॉक्टर. ह्यानेच सांगितलं की रोग झालाय. रोग नव्हताच. ह्याला आत घेतला तोच रोग. मग ह्याने आपले भाऊबंद बोलावले, आणि सगळे मिळून जाहिराती दाखवत बसलेत. जितक्या जाहिराती, तितके ह्यांना पैसे. हा तिसरा तर असा चिकटलाय, त्याने फोनच्या चाव्याच मागून घेतल्यात. आधी चाव्या काढून घेते." बोटांचा टकटक आवाज येत होता. "मला हे कळत नाही, की ही चार चार औषधं पाजली कुणी? ही अक्कल दिली कुणी?"

चटईखालची पावलं चुळबुळली.

"वन्सं," लोसा हळूच म्हणाली, "तुम्हीच दिलीत."

"मी?"

"कापड कुटताना. तुम्ही म्हणालात, फोनच्या विषाणूला वेगळं औषध."

"वेगळं औषध नको!" वीकाचा आवाज चढला. "नको म्हणाले होते मी! फोनचा राखणदार त्याच्या पोटातच असतो, वेगळं औषध नको, असं म्हणाले. ह्या पाट्या दिसल्या की हात लावू नका, असंही म्हणाले. अगं, तेच तर समजावत होते!"

"मोगऱ्या आपटत होत्या ना," लोसा म्हणाली. तिचा चेहरा चटईवर दिसत नव्हता, पण पावलं एकमेकांवर चढली होती. "तोआकासेची सून माझ्या कानाशीच आपटत होती. मला 'नको' आलंच नाही ऐकू."

"आणि एका औषधाने दुखणं वाढलं, दुसऱ्याने वाढलं, तरी तुझ्या नवऱ्याला शंका आली नाही? तिसऱ्याला आली नाही? चौथं पाजताना तरी?"

"मी म्हटलं त्याला. म्हटलं, औषध सोड, हे भलतंच होतंय."

"मग?"

"म्हणाला, वीकाने सांगितलंय."

बोटांची टकटक थांबली. लिसियाते खाली मान घालून कोनफळ सोलत होता. साल कधीच संपली होती आणि आता तो गरच सोलत होता. मग वीकाने नाक शिंकरलं. तिला सर्दी नव्हती.

"हे बघ लोसा," ती म्हणाली, आणि आवाज काउंटरवरच्या बाईचा, नीटस करायला लागली, पण तो तसा होईना. "नीट ऐक आणि जसंच्या तसं सांग. फोनला आपोआप सर्दी-पडशासारखं काही होत नाही. कुणीतरी दार उघडून आत घ्यावं लागतं. होतात, फोनलाही विषाणू होतात, नाही असं नाही. पण फोनच्या स्वतःच्या दुकानातून काय ते घ्यायचं, तिथंही बघून घ्यायचं, आणि फोन स्वतःहून म्हणाला मला ताजा कर, तर करू द्यायचं. पण कुठल्या पानावर बघता बघता पाटी आली आणि म्हणाली तू आजारी आहेस, तर तिला म्हणायचं, तूच आजारी. तुझ्या नवऱ्यासारख्या माणसाला वेगळं औषध लागत नाही. कळलं?"

"कळलं," ओसरीवरून उत्तर आलं.

"'नको' ऐकू आलं का, विचार."

"आलं," तो म्हणाला.

लोसाने चटई खाली टाकली. तिचे हात भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. "वन्सं, तुम्ही बसा. मी नारळ खवून आणते, जेवूनच जायचं." आणि ती मागे स्वयंपाकाच्या खोपीत गेली. खरं म्हणजे नारळ कालच खवलेला होता.

आता ओसरी आणि खोली यांच्यामध्ये ना लोसा होती, ना चटई. दार सताड उघडं. अशा वेळी दोघांपैकी एकाने उठून जायचं असतं. लिसियातेने विळी बाजूला ठेवली आणि उठू लागला.

"दादा."

तो होता तिथंच थांबला. वीका अजून पाठमोरीच होती, मांडीवरच्या फोनकडे पाहून बोलत होती. पण बोलत होती त्याच्याशीच.

"ती बाई तू बोलावली नव्हतीस, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. बारा वर्षं तेच काम केलंय मी. लोकांच्या फोनांतून असल्या बायका हाकलायच्या. शाळामास्तरांच्या, पोलिसांच्या, पाद्र्यांच्यासुद्धा. येतात आणि डोळा मारतात."

आठवडाभर लिसियाते ज्याला घाबरत होता ते असं, दोन वाक्यांत, दारातून बाहेर आलं होतं आणि आकाश काही कोसळलं नव्हतं. बहिणीला त्याने आजवर कधी जाब विचारला नव्हता. आत्ताही जाब विचारावा असं त्याच्या मनात नव्हतं, पण शब्द तोंडातून निघून गेले.

"मग उठून का गेलीस?"

"अरे, एकाला उठायलाच हवं होतं ना? मी बसून राहिले असते तर तुला जावं लागलं असतं." तिने फोनचा पडदा बाहीने पुसला, पुन्हा पुसला. "आठवड्यातून एकदा पोरगा दिसतो तुला. तो तुझ्यासमोर राहावा म्हणून मी उठले. आणि तू, वेड्या, फोनच बंद करून टाकलास."